आरोग्याच्या स्टार्टअपमध्ये जा, पण डोळे उघडे ठेवून

आपल्याकडच्या करिअर मार्गदर्शन शिबिरांत एक वाटणी ठरलेली असते. ज्याला खिदमत करायची त्याने डॉक्टर व्हावं, ज्याला घर सावरायचं त्याने इंजिनिअर. बारावीला मार्क कमी पडले की पहिला रस्ता बंद होतो आणि मग इंजिनिअर झालेली मुलं पुढची कित्येक वर्षं 'पॅकेज किती?' या एकाच प्रश्नाला उत्तर देत राहतात. मीही याच रस्त्याने आले. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात वाढले, मेडिकलला नंबर लागला नाही, इंजिनिअरिंग केलं, हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत सहा वर्षं काढली. गेली चार वर्षं मी पुण्यातल्या एका छोट्या आरोग्य स्टार्टअपमध्ये आहे. आम्ही लहान रुग्णालयं आणि पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतो.

या चार वर्षांनी माझं एक मत पक्कं झालं आहे. खिदमत एकीकडे आणि पॅकेज दुसरीकडे, ही वाटणी आता जुनी झाली. पेशंट डॉक्टरसमोर बसण्याआधी एका स्क्रीनसमोर उभा राहतो. त्याचं नाव कसं लिहायचं, फोन नसेल तर काय, रिपोर्ट कुणाच्या हातात जाणार, हे त्या स्क्रीनमागचा माणूस ठरवतो. तो माणूस इंजिनिअर असतो, बहुधा तिशीच्या आतला, आणि एकाच फोनवर चालणारं घर त्याने क्वचितच आतून पाहिलेलं असतं. आपल्या घरांतल्या मुलामुलींनी तिथे असायला हवं, असं मला वाटतं. पण तिथे काय वाढून ठेवलं आहे हे माहीत करून घेऊन.

तिथलं काम असतं तरी कसं

मोठ्या कंपनीत मी एका परदेशी बँकेच्या प्रकल्पावर होते. सहा वर्षांत ते सॉफ्टवेअर वापरणारा एकही माणूस मला भेटला नाही. स्टार्टअपमध्ये दुसऱ्याच आठवड्यात मला एका रुग्णालयाच्या केसपेपर काउंटरमागे दिवसभर बसवलं. तीसेक माणसांच्या कंपनीत 'हे माझं काम नाही' असं म्हणायची सोय नसते. सकाळी कोड लिहायचा, दुपारी लॅबमधल्या टेक्निशियनला फोनवर समजावायचं, रात्री सर्व्हर बंद पडला तर उठायचं. मोठ्या कंपनीत ज्या बदलाला तीन महिने आणि पाच जणांची मंजुरी लागायची, तो इथे दुपारी ठरतो आणि रात्री लागू होतो.

या वेगाची मजा आहे, खोटं कशाला बोलू. मोठ्या कंपनीत दहा वर्षांत जे शिकायला मिळत नाही ते इथे दोन वर्षांत मिळतं. पण ज्या ठिकाणी एका माणसाने दुपारी घेतलेला निर्णय रात्री शंभर दवाखान्यांत लागू होतो, तिथे त्या माणसाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, यावर फार काही अवलंबून असतं.

आडनावाच्या रकान्यात टिंब

काउंटरमागे बसलेल्या त्या दिवशी मी रिसेप्शनवरच्या ताईंना काही पेशंटच्या आडनावाच्या जागी नुसतं टिंब टाकताना पाहिलं. विचारलं तर म्हणाल्या, "काय करू मॅडम, आडनाव भरल्याशिवाय हे पुढे जातच नाही." त्यांच्याकडे तेव्हा एका जुन्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. ज्याने तो रकाना सक्तीचा केला त्याच्या मनात काही वाईट नसणार. त्याच्या जगात प्रत्येकाला नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असतं, एवढंच.

आपल्या घरांत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कुठे मुल्ला, तांबोळी, बागवान, अत्तार अशी आडनावं असतात, कुठे नुसतं 'शेख' पुढे लागतं, कुठे मागे. आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरं. बाईच्या नावापुढे कधी 'बी' लागतो, कधी 'बेगम', कधी काहीच नाही. रुखसाना हे नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या अनेकांची आधारवर १ जानेवारी टाकलेली असते. आता समजा एकाच रुग्णालयात दोन शबाना शेख आल्या, दोघींची जन्मतारीख १ जानेवारी आणि जन्मसालही एकच. सॉफ्टवेअरने हुशारी करून दोन्ही नोंदी एकत्र केल्या, तर एकीचा साखरेचा रिपोर्ट दुसरीच्या फाइलमध्ये जातो. डॉक्टर तो बघून गोळी लिहितात.

फोनचं त्याहून अवघड. बहुतेक ॲप फोन नंबर हीच पेशंटची ओळख धरतात, कारण ओटीपी पाठवायला ते सोपं जातं. पण ज्या घरात चांगला फोन एकच आहे आणि तो मोठ्या मुलाच्या खिशात असतो, तिथे एका नंबरावर आजी, आई, सून आणि दोन लहान मुलं असे पाच पेशंट असतात. सुनेने गरोदरपणाची तपासणी केली, तिचा रिपोर्ट दिराच्या व्हॉट्सॲपवर जाऊन पडला. तिने आधी कुणाला सांगायचं, सांगायचं की नाही, हा हक्क एका ओटीपीने काढून घेतला. टीबीचा रिपोर्ट असेल, मानसोपचाराची चिठ्ठी असेल, तर काय होईल याचा विचार करा.

आमच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा आला तेव्हा एका चांगल्या, हुशार सहकाऱ्याने अगदी मनापासून विचारलं, "पण एका नंबरावर पाच जण कशाला असतील?" त्याची चूक नव्हती, त्याने पाहिलंच नव्हतं. उपाय फार अवघड नव्हते. एका नंबराखाली वेगवेगळ्या व्यक्ती नोंदवायच्या, रिपोर्ट पाठवण्याआधी 'कुणाला पाठवू?' हे पेशंटलाच विचारायचं, नाजूक तपासण्यांचे रिपोर्ट आपोआप न पाठवता काउंटरवर हातात द्यायचे, आडनाव ऐच्छिक ठेवायचं. ही कामं काही दिवसांची होती. पण ती हवीत हे सुचायला कुणीतरी ते घर आतून पाहिलेलं असावं लागतं.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा पत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. पाड्यावर फोनला रेंज नसते. आडनावाच्या टिंबावर अडणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांची गरीब माणसं असतात. आपण आपल्या घरातून शिकलेलं तिथे मांडलं की त्याचा फायदा या सगळ्यांना होतो. अशी मांडणी मीटिंगमध्ये टिकतेही जास्त, कारण ती कुणा एका समाजाची मागणी राहत नाही, चांगल्या सॉफ्टवेअरची अट बनते.

ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी २०२१ चा मे महिना आठवावा. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण १ मेपासून सुरू झालं तेव्हा कोविनवर ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. वेळा काही मिनिटांत संपायच्या. ज्यांना कोड लिहिता येत होता त्यांनी वेळ मोकळी झाली की इशारा देणारे प्रोग्राम लिहिले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता ते बघत राहिले. सुप्रीम कोर्टानेही या डिजिटल दरीवर सरकारला प्रश्न विचारले आणि मेच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली. तोवर आपल्या कितीतरी मोहल्ल्यांत पोरं रात्री जागून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फॉर्म भरत होती. ती खिदमतच होती. पण फॉर्म बनवतानाच ज्याला हे दिसलं असतं, त्याने किती माणसांची रात्र वाचवली असती?

रमजान आणि गोळीची वेळ

आणखी एक उदाहरण देते, कारण ते थेट आपलं आहे. मधुमेहाची ॲप गोळीची आठवण करून देतात, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे आपल्या प्रत्येक खानदानात कुणी ना कुणी आहेच. २००४ मध्ये भारतासह १३ देशांत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ रोजे ठेवले होते, आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचं प्रमाण त्या महिन्यात कैक पटींनी वाढलं होतं.

आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी अब्बा ऐकत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मग ॲपने काय करावं? दुपारी दोनला घंटी वाजवत राहावं आणि अब्बांनी ती बंद करून टाकावी? की रमजानच्या महिनाभर आधी विचारावं, 'तुम्ही रोजे ठेवणार आहात का? मग आधी डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्या'? यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तयार आहेत, डॉक्टरांना ती माहीत असतात. सॉफ्टवेअरमध्ये ती आणण्यासाठी मीटिंगमध्ये कुणीतरी रमजान हा शब्द उच्चारावा लागतो. नवरात्रीचे नऊ दिवस उपवास करणाऱ्या पेशंटलाही मग तीच सोय मिळते.

घाई कुठे करायची, कुठे नाही

स्टार्टअपच्या जगात लवकर बाहेर काढा, चुका नंतर सुधारा, हा मंत्र असतो. जेवण मागवायच्या ॲपमध्ये चूक झाली तर बिर्याणीच्या जागी पुलाव येतो. आरोग्यात तसं नसतं. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशनच्या यंत्राने अमेरिका आणि कॅनडात किमान सहा रुग्णांना मोजमापाबाहेर मात्रा दिली, काहींचा जीव गेला. आधीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अडसर काढून सुरक्षेचा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. ऑपरेटरने भरभर नोंद दुरुस्त केली की सॉफ्टवेअरचा एक भाग दुसऱ्याच्या मागे पडायचा.

दुसरं उदाहरण थेरानोसचं. २००३ मध्ये सुरू झालेली ही अमेरिकी कंपनी बोटातल्या काही थेंब रक्तावर ढीगभर तपासण्या करू असं सांगत होती. ते तंत्र चालत नव्हतं, तरी लोकांना रिपोर्ट मिळत होते. संस्थापक एलिझाबेथ होम्स जानेवारी २०२२ मध्ये दोषी ठरली, पण कशासाठी ते बघा. गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून ती सुटली. म्हणजे पैसे बुडालेल्याला न्यायालयात दाद मिळाली, चुकीचा रिपोर्ट हातात आलेल्याला नाही. आणि हे प्रकरण बाहेर काढण्यात मोठा वाटा होता तो एरिका चेउंग आणि टायलर शुल्त्झ या नुकतंच शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या दोन तरुणांचा.

म्हणून आरोग्याच्या स्टार्टअपमध्ये जाणाऱ्याला 'हे अजून तयार नाही' असं म्हणता आलं पाहिजे. हे म्हणणं सोपं नसतं. महिनाअखेरीस विक्री दाखवायची असते, गुंतवणूकदार येणार असतात, आणि खोलीत आडनावावरून ओळखू येणारी तुम्ही एकटीच असता. माझा अनुभव असा की रागाने बोललेलं हवेत जातं, पुराव्यासह लिहिलेलं राहतं. कुठल्या पेशंटला काय होऊ शकतं, ते किती वेळा घडू शकतं, दुरुस्तीला किती दिवस लागतील, असं ईमेलवर मांडा. प्रामाणिक संस्थापक ऐकतो. जो तिसऱ्यांदाही ऐकत नाही, त्याची कंपनी सोडायची तयारी ठेवा.

माहिती कुणाची?

आपल्या वस्तीत कुणी कागद मागितला की माणूस आधी दचकतो. का दचकतो, त्याची कारणं तुम्हाला माहीत आहेत. आता आरोग्याचे कागदही डिजिटल होत आहेत. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. त्यातला 'आभा' हा १४ अंकी क्रमांक ऐच्छिक आहे आणि त्याला जोडलेली नोंद रुग्णाच्या संमतीशिवाय पुढे जाऊ नये अशी रचना आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण कागदावरची संमती आणि काउंटरवरची संमती यांत फरक असतो. रांग लांब असते, रिसेप्शनिस्ट विचारते, "ओटीपी आला का? सांगा." पेशंट सांगतो. कशाला संमती दिली हे त्याला कुणी सांगत नाही.

तो मजकूर कुठल्या भाषेत असेल, किती ओळींचा असेल, 'नको' म्हटलं तरी उपचार मिळतील हे त्यावर लिहिलेलं असेल की नाही, हेसुद्धा कुणीतरी इंजिनिअर आणि त्याचा मॅनेजर ठरवतात. मराठीत दोन साध्या ओळी लिहून द्या, मोठ्याने वाचून दाखवायचं बटण ठेवा. कायद्याची भीती असलेल्या समाजातून आलेल्या माणसाला याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही.

पैशाचं रोखठोक

आता घरच्यांना पटवायचं कसं? अम्मीला 'स्टार्टअप' म्हणजे काय ते सांगताना माझी दमछाक झाली होती. अब्बांना मात्र पाच मिनिटांत कळलं. ते आयुष्यभर फळांच्या धंद्यात होते. उधारीवर माल आणायचा, विकून फेडायचा, मधल्या काळात हातात किती रोकड आहे यावर दुकान टिकतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आजपासून एक रुपया आला नाही तर पगार किती महिने चालेल?" स्टार्टअपवाले याला 'रनवे' म्हणतात. मुलाखतीत हा प्रश्न बेधडक विचारा. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा.

पगाराच्या जागी शेअर देऊ करतात, त्याला 'ईसॉप' म्हणतात. ते साधारण चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर हातात काही येत नाही. शेअर घेताना, पैसे हातात येण्याआधीच, कर भरावा लागू शकतो. कंपनी विकली गेली नाही किंवा बाजारात उतरली नाही, तर तो कागदच राहतो. म्हणून घराचा हप्ता, बहिणीचं शिक्षण, अम्मीचं औषध यांचा हिशोब फक्त रोख पगारावर करा. ज्याच्या एकट्याच्या कमाईवर घर चालतं, त्याने आधी मोठ्या कंपनीत चार-पाच वर्षं काढावीत, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा आणि मग उडी घ्यावी. यात कमीपणा काही नाही. पडल्यावर झेलणारा काका ज्यांच्याकडे असतो त्यांचे धाडसाचे किस्से ऐकून आपण आपल्या घराचा जुगार करू नये.

तिथे आपल्याला कसं वागवतात, हेही मुली मला हमखास विचारतात. माझ्या अनुभवात उघड त्रास कमी, एकटेपणा जास्त. पुण्यात भाड्याचं घर मिळवायला मला नोकरी मिळवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ऑफिसात बिर्याणी आणि तीन तलाक यांच्यावरची सगळी शंका-समाधानं माझ्याकडेच येतात. मी त्यातल्या काहींची उत्तरं देते, काही वेळा 'मला माहीत नाही' म्हणून कामाला लागते. समाजाची प्रवक्ती व्हायला कंपनीने मला घेतलेलं नाही. आमच्याकडच्या एका मुलाने जुम्याच्या वेळी मीटिंग नको असं सरळ सांगितलं. कॅलेंडरवर तेवढा तास अडवून ठेवला गेला, विषय संपला. पण छोट्या कंपन्या बऱ्याचदा ओळखीतून माणसं घेतात आणि त्या ओळखींच्या साखळीत आपण नसतो. म्हणून जो आत गेला, त्याने आपल्या मागच्या दोघांचा बायोडेटा स्वतः पुढे न्यावा. पात्रता असलेल्याचाच न्यावा, पण नक्की न्यावा.

धंदा आणि खिदमत

'स्टार्टअप पैसेवाल्यांसाठी असतात, गरिबाचं त्यात काय?' हा आक्षेप मी ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे. गुंतवणूकदाराला वाढ हवी असते आणि वाढ शहरातल्या कमावत्या ग्राहकाकडून लवकर येते. पण एक जुनं उदाहरण मुंबईतच आहे. १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी औषधांची एक नवी कंपनी काढली. आजच्या भाषेत ती स्टार्टअपच. तिचं नाव सिप्ला. २००१ मध्ये त्यांचे पुत्र युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा एकत्रित उपचार दिवसाला एका डॉलरच्या आत देऊ केला. तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला १० हजार डॉलरच्या वर खर्च येत होता. आफ्रिकेतल्या लाखो रुग्णांना औषध परवडण्याचा रस्ता त्यातून उघडला. सिप्ला ही धर्मादाय संस्था नव्हती आणि नाही. ती नफा कमावणारी कंपनी आहे. कुणासाठी बनवायचं आणि किती किमतीला द्यायचं, हे ठरवणारी माणसं वेगळी होती.

आपल्यातल्या प्रत्येकाने कंपनी काढावी असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की करिअर शिबिरात यूपीएससी आणि नीटच्या जोडीने या कामावरही एक तास ठेवा. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना तर एक थेट विनंती आहे. दर वर्षी प्रत्येक कॉलेजात 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम' नावाचा तोच प्रोजेक्ट सीनियरकडून उचलून जमा केला जातो. या वर्षी तसं करू नका. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात परवानगी घ्या, केसपेपरच्या खिडकीजवळ एक दिवस उभे राहा. किती जणांना आडनाव नाही, किती जण दुसऱ्याचा नंबर सांगतात, किती जणी नवऱ्याकडे बघून उत्तर देतात, ते कुणाचंही नाव न लिहिता नुसतं मोजा. मग जो फॉर्म बनवाल तो घेऊन मुलाखतीला जा. माझ्यासमोर तशी मुलगी आली, तर मी तिला पहिला प्रश्न त्याच फॉर्मवर विचारेन.